होस्ट फॅमिलीबरोबरची सुट्टी: ओ-पेअर म्हणून जर्मनीला निघालेल्यांसाठी

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी ओ-पेअर म्हणून जर्मनीला जाऊन येतंच. एका कुटुंबात जास्तीत जास्त वर्षभर राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, घरकामाला थोडा हातभार लावायचा. त्या बदल्यात राहणं-जेवण, हातखर्च आणि अर्थातच भाषा. व्हिसा, करार, जर्मनची ए-वन ही पहिल्या पातळीची परीक्षा यांची माहिती आता सहज मिळते. पण नव्याने निघालेल्या मुली (आणि हल्ली मुलगेही) मला हमखास विचारतात ते वेगळंच: "ते लोक फिरायला नेतात म्हणे?"

नेतात की. फक्त त्यांची सुट्टी म्हणजे तुमची सुट्टी, असं समजून बॅग भरू नका.

नियम साधा आहे. ओ-पेअरचं काम दिवसाला सहा आणि आठवड्याला ३० तासांच्या वर जाता कामा नये. आठवड्यात दीड दिवस आणि चार संध्याकाळी मोकळ्या, महिन्यातून निदान एक रविवार पूर्ण सुट्टीचा. वर्षभर राहिलात तर चार आठवड्यांची रजा, आणि रजेतही हातखर्च चालू. कुटुंब तुम्हाला सहलीला घेऊन गेलं आणि तिथेही मुलं तुमच्याकडेच असली, तर ते दिवस रजेत धरायचे नसतात. तुमच्यावर कसलीच जबाबदारी नसेल आणि तुम्ही तिथे असायलाच हवं असंही नसेल, तरच ती रजा. निघण्याआधी ही एक गोष्ट बोलून घ्या, निम्मे रुसवेफुगवे तिथेच मिटतात.

बोलायचं कसं? आपल्याकडची भीड इथे आड येते. ज्यांच्या घरी राहतो, जेवतो, त्यांना "मला किती तास काम असेल?" असं विचारायला जीभ उचलत नाही. पण जर्मन घरात हा प्रश्न कोणाला उद्धट वाटत नाही, उलट न विचारणाऱ्याला सगळं मान्य आहे असं धरून चालतात. मी ओ-पेअर होते त्या घरी फ्रिजवर आठवड्याचं वेळापत्रक लावलेलं असायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवडाभर एका बेटावर जायचं होतं. त्याआधी मी त्याच पद्धतीचा एक कोरा कागद घेऊन स्वयंपाकघरात बसले आणि म्हटलं, बेटावरचा आठवडा पण लिहून टाकू या. मुलांच्या आईने पेन घेतलं, सकाळी नाश्त्यापासून जेवणापर्यंत माझं नाव लिहिलं, दुपारपुढे स्वतःचं आणि नवऱ्याचं. दोन संध्याकाळी त्या दोघांना बाहेर जेवायला जायचं होतं, तिथे पुन्हा माझं. बुधवार पूर्ण कोरा. दहा मिनिटांत संपलं.

माझी एक मैत्रीण दुसऱ्या शहरात होती, तिचं असं काही ठरलेलं नव्हतं. तिला इटलीत तलावाकाठी नेलं, फोटो एकापेक्षा एक सुंदर आले. पण सकाळी धाकटा उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तीच, आणि झोपायलाही मुलांच्याच खोलीत. घरी तुम्हाला स्वतंत्र खोली देणं कुटुंबाला बंधनकारक असतं. सुट्टीच्या भाड्याच्या घरात मात्र बिछाना कुठे असेल, हे विचारल्याशिवाय कळत नाही. विचारा. मुलांच्या खोलीत झोपायची तुमची तयारी असेलही, पण मग रात्री उठणारं मूल कोणाचं, हेही त्याच वेळी ठरू द्या.

आता माझ्या बेटाबद्दल थोडं. जर्मन लोक सुट्टीत हॉटेलात राहतात असा आपला समज असतो. मुलंबाळं असलेली बरीचशी घरं फेरीनवोनुंग घेतात, म्हणजे स्वयंपाकघरासकट भाड्याचा फ्लॅट. चादरी-टॉवेल कधी कधी आपले न्यायचे, स्वयंपाक आपला, भांडी आपली. काम घरच्यासारखंच, जागा तेवढी बदलते. आम्ही हॅनोवरहून उत्तर समुद्रातल्या युइस्ट बेटावर गेलो. हे बेट सुमारे १७ किलोमीटर लांब आणि रुंदीला अगदी चिंचोळं. मोटारींना बंदी आहे. डॉक्टर आणि अग्निशमन दल सोडलं तर सगळं घोड्यांवर, कचराही घोडागाडीतून जातो. गाडी नॉर्डडाइखला किनाऱ्यावर ठेवून बोटीने जायचं. बोट भरती-ओहोटीवर अवलंबून, त्यामुळे वेळ रोज वेगळी आणि फेऱ्या मोजक्याच. ओ-पेअरच्या दृष्टीने याचा अर्थ असा की "बुधवारी सुट्टी आहे, जरा किनाऱ्यावर गावात जाऊन येते" हे जमेलच असं नाही. मी बुधवार बेटावरच घालवला, भाड्याची सायकल घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. परतताना वारा समोरून होता. उत्तर समुद्राचा वारा म्हणजे काय ते पायांनीच शिकवलं.

ओहोटीला तिथला समुद्र मैलोन्‌मैल मागे जातो आणि खाली उघडा पडतो तो चिखल, त्याला जर्मनमध्ये 'वाट' (Watt) म्हणतात. २००९ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. मुलांना त्यात अनवाणी धावायचं असतं आणि त्यांच्यामागे तुम्हाला. चिखल थंडगार, पोटऱ्यांपर्यंत चढणारा, वर शेवया पिळून ठेवाव्यात तशी वाळूतल्या किड्यांची वेटोळी. मजा येते, पण एक गोष्ट गंभीरपणे घ्या. किनाऱ्याजवळ खेळणं वेगळं आणि आत चालत जाणं वेगळं. भरतीचं पाणी आधी तुमच्या पाठीमागच्या चरांमधून भरतं, समोर कोरडं दिसत असताना परतीची वाट बंद झालेली असते. आत जायचं ते माहीतगार वाटाड्याबरोबरच. मुलं कितीही हट्ट करोत, आणि त्यांचे आजोबा "मी लहानपणापासून जातोय" म्हणोत, दुसऱ्याचं मूल हाताशी असताना भीड बाजूला ठेवायची.

भाषेसाठी मात्र या दिवसांसारखे दिवस नाहीत. घरी असताना संध्याकाळी सगळे दमलेले, बोलणं कामापुरतं. सुट्टीत पाऊस पडला (तिथे पडतोच) की पत्ते, बोर्डगेम आणि चहा. त्या भागात, म्हणजे ऑस्टफ्रीजलांडमध्ये, चहाचं वेड आपल्यालाही मागे टाकेल असं आहे. कपात खडीसाखर, वर कडक चहा, मग कडेने साय सोडायची आणि ढवळायचं नाही. चहा बराचसा आसामचाच. पाहुण्याने तीन कप प्यायचे, आणि बस झालं की चमचा कपात ठेवायचा. हे मला घरमालकीण आजींनी सांगितलं, तिथल्या बोलीत. निम्मं कळलं नाही, मुलांनी शुद्ध जर्मनमध्ये समजावलं. त्या वेळी सातवीतली मुलगी माझी मास्तरीण होती आणि तिला ते फार आवडलं होतं.

शाकाहारी असाल तर प्रवासाच्या खरेदीची यादी होतानाच सांगा. रात्रीचं जेवण बहुधा पाव, चीज, सॉसेज असं थंडच असतं, आणि समुद्राकाठी मासे. मी पोहे, मोहरी, हळद नेली होती. एका सकाळी केलेले पोहे धाकट्याने केचप घालून खाल्ले. मी काही बोलले नाही.

कागदपत्रांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा किंवा रहिवासी कार्ड असलं की इतर शेंगेन देशांत (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत जाता येतं. क्रोएशियाही २०२३ पासून त्यात आला. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत, तिथे वेगळा व्हिसा लागतो, आणि हे तुमच्या कुटुंबाला ठाऊक असेलच असं नाही. त्यांना कधी लागलेलाच नसतो. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवा, सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली आहे. जुना व्हिसा संपत आलाय आणि कार्ड अजून छापून आलेलं नाही अशा काळात देशाबाहेरची सहल ठरत असेल, तर आधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला लेखी विचारा. आरोग्य विमा कुटुंबच काढतं, पण तो जर्मनीबाहेर चालतो का, हे तुम्ही स्वतः वाचा. हिवाळ्यात आल्प्सला स्कीइंगला जायचं असेल तर विम्याची अट दोनदा वाचा. डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च साध्या विम्यात असेलच असं नाही. आणि स्वित्झर्लंडमध्ये शिरताना फोनचा डेटा बंद करा, युरोपियन युनियनचं रोमिंग तिथे लागू नाही.

पैशांचं म्हणाल तर प्रवास, राहणं आणि जेवण कुटुंबाकडे, कारण तुम्ही त्यांच्या गरजेसाठी जाता. मुलांबरोबर आत जायचं असलेल्या जागेचं तिकीटही त्यांच्याकडेच असावं. तुमच्या मोकळ्या दिवसाची सायकल, आईस्क्रीम, पोस्टकार्डं तुमची. महिन्याचा हातखर्च २८० युरो असतो हे लक्षात ठेवून बेत करा.

नाताळचं वेगळं. तेव्हा बहुतेक घरं आजी-आजोबांकडे जातात, भेटवस्तू २४ तारखेच्या संध्याकाळी उघडतात, आणि २५-२६ला सगळं बंद. तुम्हाला बरोबर यायचंय की तेवढ्यात स्वतःची रजा घ्यायची, हे ऑक्टोबरातच सांगा, कारण डिसेंबरात रेल्वेची तिकिटं महागतात आणि घरच्यांनाही आजीकडे तुमच्या बिछान्याची सोय करायची असते. बरोबर जाणार असाल तर आजीसाठी काहीतरी छोटंसं न्या. माझ्याकडून सांगलीची हळद गेली होती, ती त्यांनी सुपात घातली.