दुसऱ्याचं ग्रॅमर उचलण्याआधी

समजा, तुम्हाला एसक्यूएलचा (डेटाबेसशी बोलायच्या भाषेचा) कोड नीटनेटका मांडून देणारा फॉरमॅटर बनवून विकायचा आहे आणि ग्रॅमर, म्हणजे भाषेच्या वाक्यरचनेच्या नियमांची फाइल, शून्यापासून लिहायचा कंटाळा आहे. मग आधी ग्रॅमरची फाइल उघडा आणि वरच्या वीस-तीस ओळी नीट वाचा. रेपोच्या (कोडच्या साठ्याच्या) दारावरची लायसन्सची पाटी नंतर. अँटलर हा पार्सर जनरेटर, म्हणजे ग्रॅमरवरून कोड वाचणारा प्रोग्रॅम (पार्सर) बनवून देणारं साधन. त्याच्या 'ग्रामर्स-व्ही४' या रेपोमध्ये शेकडो भाषांची ग्रॅमरं एका छपराखाली आहेत, पण लायसन्स ज्याचं त्याचं. सगळ्यांना मिळून एक नाही, हे तिथल्या रीडमीतच बजावलंय.

डोळा मायएसक्यूएल या डेटाबेसच्या याक फाइलवर (याक या पार्सर जनरेटरच्या पद्धतीने लिहिलेल्या ग्रॅमरवर) असेल तर थांबा. ती जीपीएल २ खाली आहे, म्हणजे तिच्यावरून बनवलेलं वाटायचं तर तेही त्याच लायसन्सखाली द्यावं लागतं. अ‍ॅक्शनचा सी कोड (नियम जुळला की चालणारा) काढला, नियमांची नावं बदलली की फाइल आपली झाली, असं कोणी छातीठोकपणे सांगेल. त्याच्या भरवशावर प्रॉडक्ट उभं करू नका. युरोपियन न्यायालयाने 2012 मध्ये एसएएस या सॉफ्टवेअर कंपनीच्या खटल्यात प्रोग्रॅमिंग भाषेला प्रोग्रॅम म्हणून कॉपीराइट नाही म्हटलं, ते खरं. पण भाषा वेगळी आणि कोणीतरी बसून लिहिलेली फाइल वेगळी. मॅन्युअल बघून स्वतः लिहायचं ठरलं, तरी त्यातले सिंटॅक्सचे तुकडे जसेच्या तसे चिकटवू नका. मायएसक्यूएलचं मॅन्युअल तर जीपीएलखालीही नाही.

बायसन या याकसारख्याच पार्सर जनरेटरची भीती मात्र उगाच बाळगली जाते. बायसन स्वतः जीपीएल, म्हणून त्यातून निघालेला पार्सरही जीपीएल, असं नाही. त्याच्या सांगाड्याला, म्हणजे तो प्रत्येक पार्सरमध्ये घालतो त्या तयार कोडला, खास सूट आहे, आवृत्ती 2.2 पासून तर सगळ्याच सांगाड्यांना. फक्त तुम्ही दुसरा पार्सर जनरेटर बनवत नाही ना, एवढं बघा. ही सूट सांगाड्यापुरती. आत घातलेल्या ग्रॅमरचं लायसन्स तसंच राहतं.

पोस्टग्रेस या डेटाबेसचं ग्रॅमर चालत असेल तर सुटलात. कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचे परिच्छेद सोबत ठेवा, बास. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या फाइलमध्ये तर कॉपीराइटवर पाणी सोडून कायदेशीर नोटिशीच्या जागी चक्क आशीर्वाद दिलाय! फाइल घेताना कमिटचा हॅश (त्या नेमक्या आवृत्तीची ओळखखूण), तारीख आणि त्या दिवशीच्या लायसन्सची प्रत जपून ठेवा, आपण काय बदललं तेही लिहा.

आणि लायसन्स कुठेच सापडलं नाही, तर ती फाइल फुकट आहे असं धरू नका. लेखकाला इश्यू टाकून विचारा. उत्तर येईपर्यंत ती बिल्डमध्ये घालू नका, 'तात्पुरती' म्हणूनसुद्धा.