शार्लटला आलात, स्टिअरिंग घेतलंत, आता हात सैल सोडा

अमेरिकेतल्या शार्लटला नव्याने आलेली आपली मुलं भेटली की तीन प्रश्न ठरलेले असतात. किराणा कुठे मिळतो, गाडीचा इन्शुरन्स एवढा महाग का, आणि आयरेसिंगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या रेसिंगच्या गेममध्ये, माझी गाडी दर तिसऱ्या फेरीला गरकन का फिरते. पहिल्या दोन्हींची उत्तरं कोणीही देईल. तिसऱ्यासाठी हे लिहितोय.

हा नाद इथे लागतोच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. नॅस्कार म्हणजे अमेरिकेतली स्टॉक कारची मोठी रेसिंग स्पर्धा, तिच्या बहुतेक टीमचे कारखाने शार्लटच्या आसपास आहेत. 1960 साली सुरू झालेला दीड मैलांचा ट्रॅक शेजारच्या कॉनकॉर्डमध्ये आहे, आणि सोमवारी ऑफिसात कॉफी घेताना कालच्या रेसशिवाय विषय नसतो. नॅस्कारचा ड्रायव्हर विल्यम बायरन याच शहरातला. तो आधी घरी कॉम्प्युटरवर शिकला, खऱ्या गाडीत नंतर बसला, आणि 2024 आणि 2025 अशी लागोपाठ दोन वर्षं डेटोना 500 ही नॅस्कारची सगळ्यात मानाची रेस जिंकला. तेव्हा बायकोने ‘गेम खेळताय’ म्हटलं तर हे सांगा. उपयोग होईलच असं नाही.

आधी बैठक. ऑफिसची चाकांची खुर्ची ब्रेक दाबला की मागे पळते. तिची चाकं जुन्या बुटांत ठेवा, हलत नाही. इथली अपार्टमेंट लाकडी सांगाड्याची असतात, पेडलचा धपधप आवाज खाली सरळ जातो. माझ्याबद्दल पहिल्याच महिन्यात तक्रार गेली होती. खाली फोमचे जाड मॅट टाका. आणि बूट काढा, मोजे घालून चालवा, पेडल किती दबलंय ते तळव्याला कळतं.

आता मूळ दुखणं. आपण पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये शिकलेले लोक. रिक्षा आडवी आली की पाय झटक्यात उचलायचा, गॅप दिसली की दाबायचा, स्टिअरिंग कचकन वळवायचं. तिथे त्या सवयीनेच आपण वाचलो. स्टॉक कार, म्हणजे नॅस्कारची रेसची गाडी, मात्र जड, ताकद मागच्या चाकांना, आणि चाकं घसरू नयेत म्हणून मदतीला ना एबीएस ना ट्रॅक्शन कंट्रोल. वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर एकदम सोडलात की गाडीचं वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट उजवीकडे सुटतं. मग घाबरून स्टिअरिंग उजवीकडे फिरवता. तेवढ्यात मागच्या चाकांना पकड मिळते आणि गाडी उसळून थेट बाहेरच्या भिंतीत. तुम्हाला वाटतं वेग जास्त झाला. पाय शांतपणे उचलला असता तर त्याच वेगात गाडी वळली असती.

मला हे कळलं ते ऑफिसातल्या एका स्थानिक सहकाऱ्यामुळे. तरुणपणी छोट्या ट्रॅकवर गाड्या पळवलेला माणूस. चहाला आला, माझ्या पाचसहा फेऱ्या गप्प बसून बघितल्या आणि मग स्वतः बसला. हात जवळजवळ हलतच नव्हते, बोटं सैल. मला वाटलं, पाहुणा बिचारा जपून चालवतोय. माझ्या फेरीत टायर किंचाळत होते, त्याच्या फेरीत नुसतं इंजिन ऐकू येत होतं. घड्याळात तो माझ्यापेक्षा अर्ध्या सेकंदाने पुढे.

टायर किंचाळतोय म्हणजे तो वळण्याऐवजी घासला जातोय. ओव्हलवर, म्हणजे अशा लंबगोल ट्रॅकवर, सगळी वळणं डावी, म्हणून भार उजव्या बाजूला येतो आणि पुढचा उजवा टायर सगळ्यात जास्त राबतो. गाडी वळत नाही म्हणून तुम्ही स्टिअरिंग आणखी पिळता, तो टायर आणखी तापतो, आणखी वळत नाही. इथले लोक याला ‘टाइट’ म्हणतात, शेपूट सुटतं त्याला ‘लूज’. नवशिक्याने टाइट गाडीवर उपाय म्हणून स्टिअरिंग थोडं सरळ करून बघावं. अंगावर येतं, पण गाडी वळते.

सराव असा करा. गेमच्या टेस्ट सेशनमध्ये, म्हणजे सरावाच्या फेऱ्यांत, एकटे जा, शार्लटचाच ट्रॅक घ्या. वळणाआधी नेहमीपेक्षा थोडं लवकर, मनात ‘एक-दोन’ म्हणेपर्यंत पाय हळूहळू उचला. गाडी वाहू द्या, वळणावर रस्ता आतल्या बाजूला 24 अंशांनी कललेला आहे, तो धरून ठेवतो. स्टिअरिंग सरळ व्हायला लागलं की मगच पाय दाबायचा, आणि जितकं सरळ तितकाच. नजर बॉनेटवर नको, वळण जिथे संपतं तिथे. वीस फेऱ्या मारा आणि वेळा लिहून काढा. सगळ्यात चांगली वेळ विसरा. वीसही फेऱ्या सेकंदाच्या दोन-तीन दशांशांच्या फरकात येतात का, ते बघा. मला यायला तीन आठवडे लागले, तोवर रेसमध्ये उतरलो नाही. फोर्स फीडबॅक, म्हणजे स्टिअरिंग हाताला देतं तो जोर, फार ठेवू नका, स्टिअरिंगशी कुस्ती करताना हात हलका राहत नाही.

रेसमधलं फार सांगत नाही. कोणाला धडकलात तर चार इन्सिडंट पॉइंट (चुकीचे गुण), नुसते फिरलात तर दोन. सुरुवातीला मागे राहा, आपली लाइन सोडू नका, आणि स्पॉटर (आजूबाजूच्या गाड्या सांगणारा कानातला आवाज) ‘क्लिअर’ म्हणेपर्यंत ट्रॅकच्या आतल्या बाजूला उतरू नका. हॉर्न नाही, त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

एकदा सवड काढून नॉर्थ विल्क्सबरोचा जुना ट्रॅक बघून या, गाडीने दीड तासाच्या आत. 1996 नंतर तिथे नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेची, म्हणजे कपची, रेसच होत नव्हती, ट्रॅकवर गवत माजलं होतं. 2019 मध्ये नॅस्कारचा माजी ड्रायव्हर डेल अर्नहार्ट ज्युनियर आणि काही मंडळींनी तो साफ केला, तो आयरेसिंगच्या लेझर स्कॅनिंगसाठी, म्हणजे लेझरने मोजून गेममध्ये हुबेहूब आणण्यासाठी. 2023 साली तिथे नॅस्कारची खरी ऑल-स्टार रेस (निवडक ड्रायव्हरांची खास रेस) झाली. आधी गेममध्ये चालवा, मग स्टँडमध्ये बसा. पुढचा सरळ पट्टा उताराचा आणि मागचा चढाचा आहे, ते स्क्रीनवर पटत नाही.

महागडं स्टिअरिंग लगेच घेऊ नका. माझं जुनं कपाटात पडलंय, ज्याला हवं त्याने न्यावं. क्लचचं पेडल अडकतं, पण ओव्हलवर ते पिटमधून (गाडी थांबवायच्या जागेतून) निघतानाच लागतं.