कॅरियर डॉकमध्ये गेली तरी डेक क्रूचा हात कसा टिकवायचा

परवा भाच्याचा फोन आला. नेव्हीत नवीनच लागलाय, एअर हँडलर म्हणून, म्हणजे कॅरियरच्या (विमानवाहू जहाजाच्या) डेकवर विमानं हलवणारा. म्हणाला मामा, समजा कॅरियर वर्षभर दुरुस्तीला डॉकमध्ये गेली तर आमची विमानं हलवायची सवय मोडेल की ओ, मग काय करायचं? मी स्वतः डेकवर काम केलेला माणूस, आता सोलापुरात घरी बसलोय, पण हा विषय निघाला की मला गप्प राहवत नाही. फोनवर तासभर जे बोललो तेच इथं नीट लिहून ठेवतो, त्याच्यासारख्या बाकी पोरांनाही उपयोगी पडेल.

आधी यादी करा. लोकांना वाटतं कसब म्हणजे पायलटचं. पायलट तर किनाऱ्यावरच्या बेसवरून उडतच राहतो, पण विमानाच्या चाकाला चॉक म्हणजे अडसर लावणारा, साखळीनं विमान डेकला बांधणारा, ट्रॅक्टरवाला, उतरणारं विमान अडवणाऱ्या तारेची मशिनरी सांभाळणारा, हातानं इशारे देऊन जेटला वीतभर जागेतून वळवणारा, यांचं कामच जहाजाबरोबर थांबतं. म्हणून प्रत्येकाच्या नावापुढं लिहा की त्यानं हे काम शेवटचं कधी केलं, दिवसा की रात्री, इंजिन चालू असताना की बंद. रात्रीचा रकाना वेगळाच ठेवा, कारण रात्रीचा हात सगळ्यात आधी जातो. मी एकदा पाच महिने किनाऱ्यावर काढून परत डेकवर गेलो, इशारे सगळे तोंडपाठ होते, तरी चॉक काढायच्या वेळी क्षणभर हात अडखळला. काही झालं नाही, पण समोर इंजिन गरजत असताना तो क्षण किती मोठा असतो ते मला अजून आठवतंय.

दुसरं म्हणजे टीम फोडू नका. हे मी सगळ्यात जोर देऊन सांगतो. आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज बघा, यात्रा संक्रांतीला पण सराव कितीतरी आधी सुरू होतो, कारण ती एवढी उंच काठी पेलणारा आणि आजूबाजूनं त्याला सांभाळणारे यांचा मेळ एका दिवसात बसत नाही. डेकचंही तसंच आहे, तिथं एवढा आवाज असतो की बोलून काही कळत नाही, शेजारचा कधी वळणार ते त्याच्या खांद्यावरून कळावं लागतं. वर्षभरासाठी दहा जण दहा ठिकाणी पाठवले तर दहा जण परत येतील, टीम परत येणार नाही. बदल्या करायच्याच असतील तर निम्म्या करा आणि नवीन माणूस जुन्याच्या जोडीलाच लावा.

मग सराव कुठं करायचा? जमिनीवर डेक आखायचा. इंग्रजांनी हेच केलं. २०१० च्या शेवटी त्यांनी कॅरियरवरची हॅरियर जेट मोडीत काढली आणि नवीन कॅरियरवर एफ-३५ हे नवीन जेट उतरलं ते २०१८ च्या सप्टेंबरात, म्हणजे मध्ये जवळपास आठ वर्षं स्वतःच्या डेकवर एकही जेट नाही. पण कलड्रोज या त्यांच्या नेव्हीच्या विमानतळावर जमिनीवरचा खोटा डेक होता, तिथं जुनी हॅरियर इंजिन चालू करून फिरवायचे आणि हँडलर पोरं त्यांना इशारे द्यायची. इंजिन चालू हा मुद्दा लक्षात ठेवा, बंद विमान ढकलून जेटच्या झोताची भीती आणि अंदाज दोन्ही येत नाहीत. पट्टे खऱ्या मापाचे मारा, काँक्रीट ओलं करून सराव करा, रात्री करा, साखळ्या घड्याळ लावून बांधा. आपल्याकडं गोव्याला नेव्हीच्या आयएनएस हंसा तळावर स्की-जंप (विमान उडवायचा, पुढं वर उचललेला उतार) आणि अडवायच्या तारा दोन्ही जमिनीवर बांधलेत, पायलटांसाठी ती मोठी सोय आहे. फक्त जमीन डुलत नाही हे विसरू नका, म्हणून हे पूर्ण उत्तर नाही.

डुलणारा डेक हवा तर दुसऱ्याचं जहाज गाठायचं. त्याच आठ वर्षांत इंग्रजांनी पायलट आणि डेकची माणसं दोन्ही अमेरिकन कॅरियरवर पाठवली. फ्रेंचांची कॅरियर शार्ल द गोल मोठ्या दुरुस्तीत होती तेव्हा २०१८ मध्ये १२ राफेल आणि त्यांची देखभाल करणारी माणसं घेऊन ते सरळ अमेरिकेच्या जॉर्ज बुश कॅरियरवर गेले. पाठवताना फक्त ऑफिसर पाठवू नका, चॉकवालाही पाठवा, आणि परत आल्यावर त्याला शिकवायच्या जागी बसवा.

जुन्या माणसांना धरून ठेवा हे मी स्वतःच्या वयामुळं म्हणत नाही. आपल्या जुन्या विक्रांत कॅरियरवर सी हॉक आणि आलिझे ही विमानं शेपटीखालचा हूक लावून तारेवर उतरायची. पुढं १९८३ पासून सी हॅरियर आली, ती सरळ खाली उतरणारी, १९८७ ला आलेल्या विराटवर तारांचं कामच नव्हतं. मग २०१३ ला विक्रमादित्य आली, मिग-२९के आली, आणि परत तारा! मध्ये पंचवीसेक वर्षं गेली, तारेवर काम केलेले लोक तोवर रिटायर होऊन नातवंडं खेळवत होते. असं होऊ द्यायचं नसेल तर माणूस जायच्या आधी त्याला दोन दिवस बसवून बोलतं करा आणि रेकॉर्ड करा. काय बरोबर केलं ते विचारू नका, ते पुस्तकात असतंच. कुठं थोडक्यात वाचलात ते विचारा.

आगीचा सराव मात्र डॉकमध्ये असतानाही एक आठवडा चुकवू नका, आणि तो सगळ्यांचा, स्वयंपाक्यापासून. २९ जुलै १९६७ ला अमेरिकेच्या फॉरेस्टल कॅरियरवर एक रॉकेट चुकून सुटलं, डेकवर इंधन पेटलं, आणि आग विझवायला धावलेली शिकलेली टीमच बरीचशी डेकवरच्या पहिल्या बॉम्बच्या स्फोटात गेली. मागं राहिलेल्यांना नीट शिकवलेलं नव्हतं, एकीकडं फेस मारत होते तर दुसरीकडं पाणी मारून तो फेस वाहून जात होता. १३४ माणसं गेली. हे वाचताना मला आजही कसंतरी होतं.

जागा, विमान, परवानगी काहीच नसेल तर टेबलावर डेक काढा. अमेरिकन लोक अजून असाच बोर्ड वापरतात, विमानाच्या आकाराचे तुकडे आणि कुठल्या विमानाचं काय चाललंय ते दाखवायला वर ठेवलेले नट-बोल्ट. मी आमच्या गच्चीवर खडूनं काढलाय, पुठ्ठ्याची विमानं केलीत. भाचा सुट्टीवर आला की संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही दोघं वर जातो, तो इशारे देतो, मी पुठ्ठा सरकवतो, आणि चुकला की परत पहिल्यापासून.

त्याला यादी पाठवायला सांगितलीय. रात्रीच्या रकान्यासकट.