दोरीला बांधल्यावर इतर कुत्र्यांवर भुंकणारा कुत्रा : माझा अनुभव

आमचा तरुण कुत्रा मोकळा असताना इतरांशी नीट खेळे, मात्र दोरी लावून बाहेर नेताच समोर कुत्रा दिसला की ताठरून भुंकत झेप घेई. दोरी हिसकण्याने आणि ओरडण्याने भुंकणे वाढलेच. फिरायला नेणे नकोसे झाले होते.

हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) घालून प्रथम असे अंतर शोधले, जिथून तो दुसऱ्या कुत्र्याकडे पाहतो पण ताठरत नाही. तिथे कुत्रा दिसल्यावर, भुंकण्यापूर्वीच, उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे देत राहायचे आणि तो कुत्रा दिसेनासा होताच थांबायचे. दुसरा कुत्रा दिसण्याआधीच खाऊ दाखवला, तर खाऊच धोक्याची सूचना ठरू शकतो. आमचा कुत्रा दुसऱ्या कुत्र्याला पाहून आपणहून माझ्याकडे वळू लागल्यावरच अंतर थोडेथोडे घटवले. त्याने चिकनही नाकारले, तर दोरी सैल ठेवून मागे फिरायचे. भटक्या कुत्र्यांची टोळी दिसल्यास आम्ही अजूनही रस्ता बदलतो.