घरात सायकलिंगचा सराव: ट्रेनर विकत घेण्यापूर्वीची तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात वर्षभर सायकल चालवण्याचा नेम धरणाऱ्याला दोन हंगाम अडवतात. मृगापासून गणपतीपर्यंत खानापूर-जांबोटीकडच्या रस्त्यांवर पावसाची झड आणि तांबडा चिखल असतो. पाऊस उघडतो न उघडतो तोच उसाचा गळीत हंगाम सुरू होतो आणि चिकोडी, संकेश्वर, अथणी भागात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री, कित्येकदा मागे दिवाही नसताना, रस्त्यावर येतात. त्यामुळे घरात ट्रेनर, म्हणजे आपली सायकल जागेवरच चालवता यावी म्हणून तिचा मागचा भाग ज्यावर बसवतात ते यंत्र, लावावा हा विचार अनेकांच्या मनात येतो. मात्र बहुतेक जण सुरुवात यंत्राच्या किमतीपासून करतात. माझ्या मते यंत्र सर्वांत शेवटी निवडावे. घरातली जागा, तिथली हवा आणि आपल्याकडची सायकल या तीन गोष्टी आधी नीट तपासल्या, तर बाजारातले बरेच पर्याय आपोआप गळून पडतात.

जागा डोळ्यांनी न ठरवता सायकल प्रत्यक्ष उभी करून ठरवावी. तिची लांबी साधारण पावणेदोन मीटर भरते, आणि निदान एका बाजूला पाय टाकून सहज उतरता येईल एवढी मोकळीक लागते. जुन्या शहाबादी फरशीत चढउतार असतात. ट्रेनरच्या पायांना उंची कमी-जास्त करण्याची सोय नसेल तर तो डुगडुगतो. खाली जाड रबरी चटई टाकणे आवश्यक आहे, कारण ती घाम अडवते आणि हादराही कमी करते. लाकडी माडीवर ट्रेनर शक्यतो ठेवू नये. आवाजाचा विचार वस्तीनुसार करावा: वडगावच्या यंत्रमागांच्या खडखडाटात ट्रेनर कोणाच्या कानी पडणार नाही, पण टिळकवाडीतल्या अपार्टमेंटमध्ये पहाटे साडेपाचला टायर घरघरू लागला, तर खालच्या मजल्यावरचे काका वर आल्याशिवाय राहणार नाहीत.

हवेकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि घरातला सराव अर्ध्यावर सुटण्याचे मोठे कारण तेच असते. पायडल मारताना शरीर खर्च केलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्साच पायडलपर्यंत पोहोचवते. उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे पायडलवर १५० वॅट देणारा माणूस सुमारे ४५० ते ६०० वॅट उष्णता अंगातून बाहेर टाकत असतो. रस्त्यावर ती वाऱ्याबरोबर निघून जाते. बंद खोलीत ती अंगाभोवतीच साचते. त्यातून आषाढ-श्रावणात हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही, नुसता टपकत राहतो. छताचा पंखा यासाठी पुरत नाही. छाती आणि चेहऱ्यावर थेट झोत येईल असा मोठा स्टँडचा पंखा समोर हवा आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडता याव्यात. अंदाजपत्रक आखडते घ्यावे लागले तर ट्रेनर एक पायरी खालचा घ्यावा, पण पंख्यात काटकसर करू नये.

आता सायकल. मागच्या चाकाचा आस कसा बसवला आहे, हे आधी पाहावे. चिमटा उघडून चाक निघत असेल तर ते क्विक रिलीज. अशा आसाची रुंदी रोड बाइकमध्ये बहुधा १३० आणि माउंटन बाइकमध्ये १३५ मिलिमीटर असते, आणि बहुतेक ट्रेनर दोन्ही स्वीकारतात. डिस्क ब्रेकच्या अनेक नव्या सायकलींत आरपार जाणारा जाड थ्रू-अॅक्सल असतो. तो १४२ चा की १४८ चा, हे पाहून त्याचे अडॅप्टर पेटीत मिळते की वेगळे घ्यावे लागते, याची विचारणा करावी. दोन्ही बाजूंना नट आवळलेली साधी गिअरची सायकल असेल तर दुकानदाराला ते स्पष्ट सांगावे, कारण अनेक ट्रेनरवर ती थेट बसत नाही.

त्याहून महत्त्वाची तपासणी गिअरच्या चक्रांची आहे. मागचे चाक काढून चक्रे उलटी फिरवावीत आणि मध्यभागी, जिथे काढण्याचे हत्यार बसते, त्या खाचांकडे बारकाईने पाहावे. खाचाही चक्रांबरोबर फिरल्या तर ती कॅसेट आहे. खाचा स्थिर राहून फक्त चक्रे फिरली तर ते आट्यांवर बसवलेले फ्रीव्हील आहे. आपल्याकडच्या कमी किमतीच्या सात गिअरच्या सायकलींत बहुधा फ्रीव्हीलच असते, आणि मागचे चाक काढून साखळी थेट ट्रेनरवर चढवण्याच्या प्रकारात ते बसवता येत नाही. अशा वेळी सात गिअरची वेगळी कॅसेट आणि जागा भरून काढणारी चकती घ्यावी लागते. हा खर्च किमतीत आधीच धरावा. कार्बनची फ्रेम असेल तर ट्रेनरवर लावण्यास कंपनीची परवानगी आहे का, हे माहितीपत्रकात वाचून घ्यावे.

एवढे झाले की यंत्राचा प्रकार ठरवणे अवघड राहत नाही. चाकासकट सायकल बसवण्याचा, चाकाला चुंबकाने किंवा द्रवाने अडथळा देणारा ट्रेनर स्वस्त आणि हलका असतो. मात्र त्याला गुळगुळीत टायर लागतो, खाचांचा टायर आवाज करतो आणि लवकर झिजतो. टायरमधली हवा आणि टायरला टेकणाऱ्या रोलरचा दाब दर वेळी सारखा ठेवला नाही, तर आजच्या आणि कालच्या आकड्यांची तुलना निरर्थक ठरते. थेट साखळीचा ट्रेनर शांत आणि अचूक असतो. चोर्ला किंवा आंबोलीच्या चढाची तयारी करणाऱ्याने ऐपत असल्यास तोच घ्यावा. त्याचे वजन बहुधा १५ ते २२ किलो असते, म्हणून रोज उचलून ठेवण्याचा बेत करू नये. नुसते रोलर, म्हणजे सायकल न बांधता ज्यांवर चालवतात ते फिरते दंडगोल, तोल शिकवतात, पण नवख्याने भिंतीचा आधार असल्याशिवाय त्यांवर चढू नये. घरातले तिघे-चौघे वापरणार असतील तर स्पिन बाइक, म्हणजे जागेवरची व्यायामाची सायकल, सोयीची. तिच्या पुष्कळ मॉडेलांत जड चाक पाय थांबवला तरी पायडल फिरवत राहते, त्यामुळे लहान मुले असलेल्या घरात ती कुलपाच्या खोलीत ठेवावी. फिरत्या चाकाचा धोका ट्रेनरलाही आहेच.

पावसाळ्यात वीज जाणार हे गृहीत धरावे. चुंबकी आणि द्रवाच्या साध्या ट्रेनरला वीज लागत नाही, अॅपच्या सूचनेनुसार अडथळा आपोआप कमी-जास्त करणाऱ्या स्मार्ट ट्रेनरला बहुधा लागते. तो आणि पंखा दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत, आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत मोबाईलची रेंज भरवशाची नसेल, तर अॅपवर अवलंबून न राहता अँट प्लस (ब्लूटूथसारखीच बिनतारी जोडणी) किंवा ब्लूटूथवरून ट्रेनर चालवणारा सायकल कॉम्प्युटर पाहावा; आखलेला सराव त्यात आधी भरून ठेवता येतो.

किरकोळ सामानात दोन टॉवेल, पाण्याच्या दोन बाटल्या आणि हँडलवर घालायचे घामाचे कापड एवढे पुरे. घाम हँडलच्या मध्यभागातून थेट हेडसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर वळते त्या बेअरिंगमध्ये, उतरतो आणि टेपखालचे स्क्रू गंजवतो, म्हणून उतरल्याबरोबर सायकल पुसावी. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्याने सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.

पैसे देण्यापूर्वी दुरुस्ती पुण्यात होते, मुंबईत की बेंगळुरूत, आणि तिथवर नेण्या-आणण्याचा खर्च कोणाकडे, हे लेखी घ्यावे. पार्सल आले की ते त्याच आठवड्यात जोडावे, तासभर चालवून पाहावे आणि परत करण्याची मुदत संपेपर्यंत मूळ खोका व आतला थर्मोकोल टाकू नये.