कोणत्या प्रोग्रॅमिंग भाषेत प्रॉडक्टिव्ह वाटतं, हे मोजायला निघालात तर

लाइकर्ट स्केल (१ ते ७ अशा गुणांत मत विचारणं), मध्यक, नमुना हे सगळं तुम्हाला येतंच. घोळ होतो तो उत्तर कोण देतंय इथं.

समजा, रस्टवाल्यांनी रस्टला ७ पैकी ६ दिले आणि जावावाल्यांनी जावाला ४. म्हणून रस्टमध्ये काम जास्त होतं? नाही. रस्ट बरेच जण हौसेनं धरतात, ज्यांना जमत नाही ते कधीच सोडून गेलेले असतात. जावा अनेकांच्या वाट्याला नोकरीमुळे येते. म्हणजे तुम्ही भाषा मोजलीच नाही, माणसांची निवड मोजली. असा डेटा एकदा गोळा झाला की कुठलीही सांख्यिकी चाचणी तो वाचवू शकत नाही. संशोधक लुट्झ प्रेशेल्ट यांनी २००० साली सात भाषांतले ८० प्रोग्रॅम तपासले, तेव्हा स्क्रिप्ट भाषांचे लोक स्वतःहून आलेले होते आणि लागलेला वेळही त्यांनीच कळवलेला होता. त्यांनी ही अडचण उघड मांडली. ‘आधी फॉर्म फिरवा, मग बघू’ म्हणणाऱ्या मार्गदर्शकाचं इथं ऐकू नका.

उपाय अवघड नाही, घाबरू नका. ज्या दोन भाषांची तुलना करायची, त्या दोन्हींत किमान वर्षभर काम केलेले १२ जण घ्या. सारख्याच अवघड पण वेगळ्या दोन कामांच्या टेस्ट आधीच लिहून ठेवा. तीन-तीन जणांचे चार गट करा. भाषांचा क्रमही फिरला पाहिजे आणि कोणतं काम कोणत्या भाषेत, हेही. नाहीतर दुसऱ्या फेरीत हात बसल्याचं श्रेय भाषेला जातं.

गुण दोनदा विचारा: विसाव्या मिनिटाला आणि सगळ्या टेस्ट पास झाल्यावर. विसाव्या मिनिटाला रस्टवाला कंपायलरच्या ई०३८२ या एररशी झगडत असू शकतो, कारण व्हेक्टर (यादी) फंक्शनला देऊन टाकल्यावर पुन्हा वापरलाय, आणि रस्ट ते चालू देत नाही. पायथनवाला तेव्हा खुशीत असतो, त्याचा ‘नन-टाइप’ एरर (किंमत नसलेली गोष्ट वापरल्याचा) शेवटच्या टेस्टला उगवतो.

सोबत घड्याळ लावाच. एमईटीआर संस्थेच्या २०२५ च्या प्रयोगात १६ अनुभवी प्रोग्रामरना एआय साधनांमुळे आपण २० टक्के वेगवान झालो असं वाटलं. प्रत्यक्षात वेळ १९ टक्के जास्त लागला होता.

गटांच्या सरासऱ्या नकोत. प्रत्येकाने दोन भाषांना दिलेल्या गुणांतला फरक काढा आणि अशा जोडीच्या फरकांसाठी असलेली विल्कॉक्सनची साइन्ड-रँक चाचणी लावा. बारा जणांत बारीक फरक दिसणार नाही, ठळक असेल तर दिसेल. कुणाचा फरक उलट दिशेला गेला असेल तर त्याच आठवड्यात त्याच्याशी बोला, नंतर त्याला काही आठवत नाही.