जुन्या गिटारचे वर्णन लिहिताना

पुण्यात जुन्या गिटारी विकत घेऊन, त्या दुरुस्त करून ऑनलाइन विकण्याचे काम मी गेली नऊ वर्षे करतो आहे. या धंद्यात नव्याने उतरणारे बहुधा किंमत कशी ठरवावी हे विचारतात. वर्णन कसे लिहावे, असे क्वचितच कोणी विचारते. माझ्या अनुभवात मात्र बहुतेक व्यवहार वर्णनामुळेच टिकले किंवा मोडले आहेत. दुकानात गिऱ्हाईक वाद्य हातात घेते, वाजवून पाहते आणि मग ठरवते. ऑनलाइन व्यवहारात हे काम आपल्या शब्दांवर येऊन पडते.

सुरुवातीला मीही ‘उत्तम स्थितीत, किरकोळ ओरखडे’ एवढेच लिहून मोकळा होत असे. दुसऱ्याच वर्षी रत्नागिरीच्या एका विद्यार्थ्याला पाठवलेली अकूस्टिक गिटार आठवड्याभरात परत आली. तिचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवलेल्या असतात ती फळीवरची पट्टी, मागच्या बाजूने वरच्या फळीपासून किंचित सुटला होता. मला ते ठाऊक होते, पण वाजवताना फरक जाणवत नाही म्हणून मी ते लिहिले नव्हते. त्या मुलाने फोनवर आवाज जराही न चढवता एवढेच विचारले, “दादा, तुम्हाला हे आधी दिसलं होतं का?” मी हो म्हणालो आणि जाण्यायेण्याचा कुरिअरचा खर्च सोसून त्याचे पैसे परत केले. पुढे त्याच गिटारच्या वर्णनात मी लिहिले, ‘ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवल्यास सुमारे ३ मिलिमीटर आत जातो, पुन्हा चिकटवून घ्यावा लागेल.’ थोड्या कमी किमतीला का होईना, ती पंधरा दिवसांत विकली गेली, आणि घेणाऱ्याची एकही तक्रार आली नाही.

तेव्हापासून प्रत्येक दोषाबद्दल मी तीन गोष्टी लिहितो: तो नेमका कुठे आहे, किती खोल आहे आणि वाजवण्यावर त्याचा काय परिणाम होतो. त्यासाठी लागणारे शब्द आपल्या भाषेत आधीपासून आहेत, फक्त ते नीट वेगळे ठेवायला हवेत. ओरखडा पॉलिशवर असतो. टवका उडाला म्हणजे पॉलिशचा तुकडा गेला आणि बहुधा खालचे लाकूड दिसू लागले. पोचा म्हणजे लाकूड दबले, मग वरचे पॉलिश अखंड का असेना. चीर किंवा भेग हा सर्वांत गंभीर प्रकार, कारण तिथे लाकूडच फाटलेले असते. ओरखड्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकत नसेल तर तसे लिहावे. ‘पिकगार्डच्या खाली ४ सेंटिमीटरचा ओरखडा, नख अडकत नाही’ हे वाचल्यावर घेणाऱ्याच्या मनात शंकेला जागा राहत नाही.

वर्णनाचा खरा गाभा मोजमापात आहे, आणि नवखे विक्रेते नेमके तेच टाळतात. अ‍ॅक्शन, म्हणजे तारेची फ्रेटपासूनची (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपासूनची) उंची, १२व्या फ्रेटवर पोलादी पट्टीने मोजावी. पट्टीचा शून्य अगदी कडेपासून सुरू होतो याची आधी खात्री करावी. अकूस्टिक गिटारवर जाड सहाव्या तारेखाली २.५ मिलिमीटरच्या आसपास आणि पातळ पहिल्या तारेखाली २ मिलिमीटरच्या आसपास अंतर असेल तर बहुतेकांना ती सुखाने वाजवता येते. जाड तारेखाली ४ मिलिमीटर भरत असेल तर ‘अ‍ॅक्शन थोडी जास्त’ असे न लिहिता तो आकडाच लिहावा. नेकची, म्हणजे मानेची, वक्रता पाहण्यासाठी सहावी तार पहिल्या आणि १४व्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरावी आणि ७व्या फ्रेटपाशी किती फट राहते ते पाहावे. माझ्याकडे यासाठी पहिल्या तारेचा एक जुना तुकडा असतो. १० गेजच्या संचातली ही तार सुमारे ०.२५ मिलिमीटर जाडीची असते; ती त्या फटीतून जेमतेम सरकली तर नेक ठीक आहे असे मी धरतो. ट्रस रॉड (ही वक्रता कमीजास्त करणारी नेकमधली सळई) फिरतो की जाम झाला आहे, हेही लिहावेच.

त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवावी. २० फ्रेटच्या गिटारवर अशा १२० जागा होतात आणि त्याला दहा मिनिटेही लागत नाहीत. कुठे खरखर येते, कुठे सूर मरतो, ते तारेच्या व फ्रेटच्या क्रमांकासह लिहून ठेवावे. पहिल्या तीन फ्रेटवर तारेखाली खाचा पडलेल्या असतात, कारण शिकणाऱ्याचे सगळे सुरुवातीचे कॉर्ड तिथेच वाजतात; त्या घासून निघतील की फ्रेट बदलावे लागतील, याबद्दलचे आपले मत स्पष्ट द्यावे.

लाकडाबद्दल अजाणतेपणी फार चुकीचे लिहिले जाते. यामाहा एफ ३१० ची वरची फळी थरांची आहे, तर एफजी ८०० ची सलग स्प्रूसची. दोन्हींना सरसकट ‘सॉलिड वुड’ म्हणणे म्हणजे घेणाऱ्याची फसवणूक होय. साउंडहोलच्या (वरच्या फळीतल्या गोल भोकाच्या) कडेकडे टॉर्च लावून पाहावे: वरच्या रेषा कडेवरून सलग खाली उतरत असतील तर फळी सलग आहे, आणि थर दिसत असतील तर प्लाय. गिब्सन कंपनीच्या गिटारींसारख्या मागे झुकलेल्या हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) गिटारीत नटच्या, म्हणजे त्या टोकाजवळ तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिच्या, मागची जागा फार बारकाईने तपासावी. तिथे नेक पातळ असतो, आणि पडल्यावर मोडतो तो बहुधा तिथेच. दुरुस्ती कितीही सफाईदार असली, तरी ती वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींतच सांगितली पाहिजे.

फोटो खिडकीतल्या तिरप्या उजेडात काढावेत. समोरून फ्लॅश मारला की ओरखडे नाहीसे होतात. दोषाशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवले की आकार कळतो.

मोजमापाची तारीखही लिहावी, याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. पावसाळ्यात लाकूड ओल धरते, वरची फळी फुगते आणि अ‍ॅक्शन चढते. उलट उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आकसतो, पण धातूचे फ्रेट आकसत नाहीत, आणि मग त्यांची टोके कडेला बोटांना टोचू लागतात. ऑगस्टमध्ये कोकणातून घेतलेली एक गिटार मी पुढच्या मे महिन्यात नागपूरला पाठवली, तेव्हा वर्णन ऑगस्टचेच होते. तिथे पोहोचल्यावर दोन आठवड्यांत फ्रेटची टोके बाहेर आली. तेव्हापासून वाद्य दोन महिन्यांहून अधिक काळ पडून राहिले, तर पाठवण्याच्या आदल्या दिवशी मी पट्टी पुन्हा लावतो आणि बदललेले आकडे घेणाऱ्याला कळवतो, मग व्यवहार ठरलेला असला तरीही.